रंग कोणता, हे आधी खताला विचारा

महाराष्ट्रातली दोन मुरुड घ्या. एक जंजिऱ्याशेजारचे, खाऱ्या वाऱ्याचे. दुसरे लातूर-बार्शी रस्त्यावरचे, काळ्या रानाचे आणि सोयाबीनचे. कोटिंगवाले आपल्या माहितीपत्रकात ‘सॉल्ट स्प्रे’चे तास अभिमानाने छापतात. बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे तुषार मारून ही चाचणी होते. पहिल्या मुरुडच्या हवेबद्दल ती थोडेफार सांगेल. दुसऱ्या मुरुडात चालणाऱ्या पेरणी यंत्राबद्दल ती जवळपास गप्पच असते, कारण तिथे पत्रा हवेने नव्हे, खताने खाल्ला जातो.

पेरणी उरकली की यंत्राच्या खतपेटीच्या कोपऱ्यात डीएपी किंवा १०:२६:२६ चे दाणे उरतात. पावसाळी हवेतली ओल ते ओढून घेतात आणि यंत्र गोठ्याशेजारी उभे असताना गंजण्याचे काम चालू होते. यावर ‘गॅल्व्हनाइज करून टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. शेडच्या खांबाला तो योग्यच आहे. पण जस्त आम्लात टिकत नाही आणि अमोनियमचे क्षार त्याला लवकर खातात. पेटीला नीट फॉस्फेटिंग आणि त्यावर इपॉक्सी बरे, तेही कडा गोल करून आणि वेल्डिंगचे शिंतोडे घासून काढल्यावर. तीक्ष्ण धारेवर कोटिंग पातळ बसते आणि गंज तिथूनच शिरतो. ३०४ स्टेनलेसचा मोह असेल तर पोटॅशमधले क्लोराइड लक्षात ठेवा. ते स्टेनलेसलाही टोचे पाडते. खरे तर अनेकदा प्लास्टिकची पेटीच शहाणपणाची ठरते. धातूवाल्यांच्या मासिकाने हे लिहावे, हा थोडा घरभेदीपणा झाला.

याच यंत्राचा फाळ घ्या. त्यावरचा चकचकीत लाल रंग दुकानात उभे राहण्यापुरता. काळ्या मातीत तो पहिल्याच दिवशी निघतो. तो खर्च पोलाद आणि उष्णता-प्रक्रियेवर करावा, आणि गोदामापुरते गंजरोधक तेल लावावे. शाफ्टवर बेअरिंगची जागा ग्राइंड करून ०.८ आरए धरा, उरलेल्या लांबीला टर्निंग पुरते. बोल्ट १०.९ किंवा त्यावरच्या ग्रेडचा असेल, तर जस्ताच्या प्लेटिंगआधी दोनदा विचार करा. प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन बोल्ट ठिसूळ करतो, आणि तो ताण दिल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी तुटतो. प्लेटिंगनंतर लगेच १९० ते २२० अंशांवर भट्टीत ठेवल्याने धोका कमी होतो, संपत नाही. झिंक फ्लेक कोटिंगमध्ये हा प्रश्नच येत नाही.

एका यंत्रात इतक्या वेगळ्या गरजा असताना ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मात्र ‘पेंट : लाल’ एवढेच असते. मग फिनिश ठरवतो तो रंगाचा ठेकेदार, त्याच्याकडे त्या दिवशी जे असेल त्यावरून.

तेव्हा पुढच्या हंगामाची ड्रॉइंग्ज काढताना प्रत्येक भागापुढे चार गोष्टी लिहा : त्याला काय लागते, थर किती मायक्रॉनचा, कुठे थर नको, आणि माल आल्यावर तपासणार कशाने.