गोळी बदलली, खोकला लागला

रक्तदाबाची गोळी बदलून मिळते आणि काही दिवसांत, कधी दोन-तीन महिन्यांनीही, कोरडा खोकला मागे लागतो. ताप नाही, कफ नाही, पण घशात सतत खवखव आणि रात्री आडवं झालं की ढास. घरात हळद-दूध होतं, आल्याचा काढा होतो, मग केमिस्टकडून सिरपची बाटली येते, पुढे अँटिबायोटिक आणि छातीचा एक्स-रे. नव्या गोळीचं नाव मात्र कुणाच्याच तोंडी येत नाही. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवून रक्तदाब उतरवतात, तेच एन्झाइम शरीरातल्या ब्रॅडिकायनिन या द्रव्याचीही विल्हेवाट लावत असतं. ते अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि श्वासमार्गाला चाळवत राहतं. या गोळ्या घेणाऱ्या शंभरातल्या पाचांपासून पस्तिसांपर्यंत लोकांना हा खोकला होतो, असं वेगवेगळ्या पाहण्या सांगतात. सिरपने तो हटत नाही. गोळी थांबली की बहुधा महिन्याभरात जातो, क्वचित तीन महिने रेंगाळतो. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखा पर्याय डॉक्टर देऊ शकतात, पण त्यासाठी खोकला नव्या गोळीनंतर सुरू झाला, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे: औषध बदलल्यावर झालेला त्रास डॉक्टरांच्या कानावर घालणं हा उपचाराचाच भाग आहे. आपण एक तर तो अंगावर काढतो, नाही तर गोळी परस्पर बंद करून टाकतो. अंगावर काढण्यातून काय होतं, ते अ‍ॅम्लोडिपिनच्या बाबतीत दिसतं. या गोळीने काहींचे घोटे सुजतात. संध्याकाळी मोजा काढला की कातडीवर खोल वळ उमटलेला असतो. सूज गोळीची आहे हे लक्षात आलं नाही, की लघवी जास्त होण्याची आणखी एक गोळी पदरात पडते. ही सूज रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे येते, शरीरात पाणी वाढल्यामुळे नव्हे. त्यामुळे दुसरी गोळी फारसा गुण देत नाही, उलट सोडियम-पोटॅशियम बिघडवू शकते. परस्पर बंद करणं तर याहून धोक्याचं. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकाएकी सोडलं तर रक्तदाब उसळू शकतो, आणि हृदयविकार असलेल्याला मेटोप्रोलॉल असं तोडणं महागात पडू शकतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. त्रासाची यादी वाचली की माणसाला तो त्रास होऊ लागतो, मग हे सगळं मनाचे खेळ कशावरून नाहीत? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये याची नीट परीक्षा घेतली. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी त्रासामुळे सोडलेल्या 60 जणांना त्यांनी काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी नकली गोळी दिली आणि काही महिने काहीच दिलं नाही. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास वाढला, त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नकली गोळीच्या महिन्यांतही वाढलेला होता. यावरून रुग्ण कांगावा करतात असा निष्कर्ष काढणं मला अन्यायाचं वाटतं; अंगदुखी खरीच होती, कारण वेगळं होतं. आणि ते कळलं कशाने? रोजच्या रोज त्रासाची नोंद ठेवल्याने. स्वतःच्या नोंदी पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. म्हणजे त्रास मनाचा असो की गोळीचा, दोन्ही बाजूंना उपयोगी पडते ती नोंदच.

ओपीडीत डॉक्टरांना ऐकायला वेळ नसतो, हेही खरं आहे आणि त्याचा दोष रुग्णाच्या माथी मारू नये. म्हणूनच कागदावर चार ओळी हव्यात: गोळी कोणत्या तारखेला बदलली, त्रास कधी सुरू झाला, सोबत दुसरं काय घेतो, अगदी आयुर्वेदिक काढा किंवा गुडघेदुखीची गोळीसुद्धा. स्ट्रिप फेकू नये, सोबत न्यावी. हे वाचायला डॉक्टरांना मिनिटही लागत नाही. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकू लागला, तोंडात फोड येऊन कातडी सोलवटू लागली, तर कागद-पेन शोधत बसू नये. पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावं.

या नोंदीचा उपयोग एका रुग्णापुरता संपत नाही. 2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम चालू आहे आणि त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते, हा इशारा आयोगाने 2023 च्या नोव्हेंबरअखेर दिला, तो अशाच जमा झालेल्या नोंदींवरून. रुग्णाला किंवा नातेवाइकाला स्वतःही कळवता येतं. 1800-180-3024 हा क्रमांक मोफत आहे, फॉर्म मराठीतही आहे, आणि त्रास त्याच औषधाने झाला हे सिद्ध करावं लागत नाही. तसा संशय असला तरी पुरतं.