कीबोर्डवरचा हात काढा

१९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला : सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. आपला माणूस काठावरच. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा कुठं तो कागद ओला झाला.

आता दुसरं तळं. ३० एप्रिल १९९३ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं वेबचा मूळ कोड जगाला फुकट देऊन टाकला. परवाना नाही, दक्षिणा नाही. कुठलंही पान उघडा, त्याच्या पोटातला एचटीएमएल वाचता येतो. मग महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर ॲसिडचे ड्रम ढकलणाऱ्या बापाचं पोर, खिशात फोन असून, या तळ्याच्या काठावर का?

शेजारी बसणारं कुणी नाही म्हणून.

मी गोदीतला हमाल. शिक्षण दहावी. पहिल्या दिवशी टोळीतल्या म्हाताऱ्यानं शिकवलं, ‘पाठीनं नाय रे, मांडीनं उचल.’ ते एक वाक्य नसतं तर आज कंबर गेली असती. वेब शिकायला एका क्लासात पैसे भरले, तर तिथं फळ्यावरचं उतरवून घ्या! शंका विचारली की मास्तर हसायचा. पुढं चाळीतल्या एका दोस्तानं तीन आठवडे रात्री शेजारी बसून शिकवलं. फुकट.

म्हणून शनिवारी रात्रीची एसटी धरतो. जुनी दोन मशीनं आहेत, ती माळ्यावर ठेवतो. जुलै २०२१चा पूर महाडात कुणी विसरलेलं नाय.

परवा एका पोरानं पहिलं पान लिहिलं. स्वतःचं नाव, मराठीत. पडद्यावर नुसता कचरा उमटला. पोराचा चेहरा पडला, जणू नावच चुकीचं आहे. मला कारण ठाऊक होतं : यूटीएफ-८ सांगणारी एक ओळ राहिली होती. हात शिवशिवला. पण हात मांडीखाली दाबून बसलो. म्हटलं, ‘माझ्या पानात वर काय आहे, तुझ्यात काय नाय, बघ.’ चाळीस मिनिटं गेली. मग नाव उमटलं. पोरानं बापाला फोन लावला. बाप नाइट शिफ्ट करून झोपलेला.

आता हिंजवडीत पोचलेल्या आपल्याच दोस्तांनो, तुमच्याशी भांडण आहे. नवखा पोरगा विचारतो आणि तुम्ही म्हणता, ‘एवढंही येत नाय?’ त्याच्या हातातला माउस हिसकावून खटाखट करून देता आणि वर उपकार केल्याचा चेहरा! च्यायला, हा भट तुमच्यात कधी शिरला? मंत्र आपल्यापाशी ठेवून प्रसाद वाटणं हेच तर तो करत आला.

येत्या रविवारी दोन पोरी नव्या येतायत. एकीला इंग्रजीची धास्ती आहे. टॅग डझनभर पुरतात, शब्द तिला येतील. मशीन मात्र कमी पडतंय. पुण्याहून येणाऱ्यानं जुना लॅपटॉप आणावा. चार्जरसकट.