ट्रॉली नुसत्या पिनीच्या भरवशावर नको

ऊस वाहतुकीचे दिवस जवळ आलेत, म्हणून मनातलं बोलतो.

मागच्या हंगामात आमचा ट्रॅक्टर डबल ट्रॉली घेऊन कॅनॉलचा चढ चढत होता. मागच्या ट्रॉलीची पिन निघाली. ड्रायव्हरला पत्ताच नाही, टेप मोठ्यानं चालू. ट्रॉली उलटी घरंगळत बांधाला जाऊन अडकली. थोड्याच वेळापूर्वी तिथून शाळेची पोरं सायकलवर गेली होती. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, भरलेली ट्रॉली नुसत्या पिनीवर रस्त्यावर काढायची नाही.

काहीजण म्हणतात, "आमच्या ट्रॉलीला ब्रेक आहे की!" पण रेट्यावर चालणारा ब्रेक कसा लागतो बघा. ट्रॅक्टर थांबला की ट्रॉली पुढं रेटते, दांडी आत सरकते, मग ब्रेक लागतो. पिनच निघाली तर रेटायला पुढं आहे काय? त्यासाठी ब्रेकअवे ब्रेक पाहिजे. ट्रॉलीच्या हँडब्रेकला वायररोप, तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. ट्रॉली सुटली की दोरी ताणते, लिव्हर ओढला जाऊन खाचेत अडकतो आणि चाकं धरली जातात. मग दोरी तुटली तरी ब्रेक सुटत नाही.

पण नुसतं बसवून भागत नाही. दोरी पिनीला किंवा हुकाला अडकवू नका, पिनीबरोबर तीही जाईल. ट्रॅक्टरच्या चेसिसला पक्की बांधा. वळताना ताणू नये एवढी ढिली, पण जमिनीला घासणार नाही एवढीच ठेवा. डबल ट्रॉलीत मागचीची दोरी पुढच्या ट्रॉलीच्या चेसिसला.

हंगामाआधी रिकामी ट्रॉली सपाट रानात घ्या, दोरी हातानं ओढा आणि ट्रॅक्टर हळू पुढं घ्या. चाकं फिरली तर ब्रेकचं काम करून घ्या. चाचणीनंतर लिव्हर सोडायला विसरू नका, नाहीतर ड्रम तापतील. आणि ट्रॉली उभी करताना या दोरीवर विसंबू नका, चाकाला दगड लावाच.

टेपला, लायटिंगला आपण हौसेनं पैसे घालतो. मग या दोरीलाच हात आखडता का? ट्रॉली आपली असली तरी मागून येणारं पोर कुणाचंही असू शकतं.