साल ठरवायचा दिवस

‘हे दिन साजरे करून काही होत नाही, बंद करा एकदाचे,’ असं म्हणणारी माणसं अलीकडे वाढली आहेत. ही माणसं वाईट नाहीत. ८ मार्चच्या महिला दिनाला गुलाबाचं फूल, ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला शाल-श्रीफळ, २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला उद्देशिकेचं वाचन आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस पुन्हा जिथल्या तिथं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यांची चीड मला पटते. त्यांनी सुचवलेला उपाय पटत नाही.

एखाद्या दिवसाचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे परभणी जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. मागची उचल किती, फिटली किती, नव्या सालाचे पैसे किती, धान्य किती, हे त्या दिवशी समोरासमोर बोललं जातं आणि त्या बोलीवर वर्ष चालतं. ही पद्धत गड्याला न्याय देणारी होती, असं मी मुळीच म्हणणार नाही. उचलीनं कित्येक घरं जखडून टाकली. पण पाडवा उजाडला की हिशेबाला बसावंच लागतं, हे तारखेचं बळ खरं आहे. आपलं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं. वर्धापनदिनाला तिथं खरीप मेळावा भरतो. शेतकरी भाषणं ऐकतो, पण येतो तो बियाण्यासाठी. संध्याकाळी पिशवी काखेत मारून जिंतूर-पालमच्या गाडीत बसतो. भाषण विसरलं तरी बियाणं मातीत जातं.

आता ३ डिसेंबर घ्या. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांचा सत्कार व्हायचा होता त्यांतला एक कर्मचारी तीनचाकीवरून आलेला. दोघा शिपायांनी त्याला खुर्चीत बसवून उचलून वर नेलं. टाळ्या झाल्या. तो खाली मान घालून बसला होता, शाल मांडीवर तशीच घडी करून ठेवलेली. खाली आणल्यावर साहेबांना तो एवढंच म्हणाला, ‘साहेब, पुढल्या साली खालीच ठिवा की कार्यक्रम.’

पुढल्या साली कार्यक्रम खालच्या व्हरांड्यात झाला. तिथं बसल्यावर साहेबांच्या ध्यानात आलं, की आवक-जावकचं टेबल वर आहे. म्हणजे अर्ज द्यायला येणारी म्हातारी माणसं, पोटुशा बाया, काठी टेकत येणारे, सगळे रोज तो जिना चढतात. महिनाभरात टेबल खाली आलं. अजून खालीच आहे. दिन बंद केला असता तर त्या जिन्याकडे कुणी पाहिलं असतं?

म्हणून ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांइतकाच माझा विरोध ‘साजरा केला, झालं’ म्हणणाऱ्यांना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही; जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यावं लागतं. हे हक्क आहेत. हक्काच्या माणसाला शाल देऊन वाटेला लावणं मला अपमानाचं वाटतं. ३ डिसेंबरला मोजमापाचा टेप आणा. रॅम्पला फूटभर उंचीमागे बारा फूट लांबी लागते. तीन फुटांत उतरवलेला सिमेंटचा धोंडा म्हणजे रॅम्प नव्हे. त्यावर लावलेल्या मोटारसायकली काढा. संडासाच्या दारातून चाकाची खुर्ची जाते का, ते बघा. मग कार्यालयप्रमुखानं सगळ्यांदेखत वाचून दाखवावं: राखीव जागा किती, भरल्या किती, रिकाम्या कधीपासून, आणि मागच्या ३ डिसेंबरला जे ठरलं त्याचं काय झालं. राहिलेलं काम कुणाच्या नावावर, कोणत्या महिन्यापर्यंत, तेही तिथंच लिहावं.

‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो, वेगळं काही कशाला?’ हा आक्षेप चांगल्या मनाची माणसंही घेतात. पण जिना सगळ्यांना सारखाच असतो, आणि म्हणूनच एकजण खाली राहतो.

‘असे दिन म्हणजे मुंबई-पुण्याच्या कंपन्यांची थेरं, परभणीत कुठं आहेत कंपन्या?’ हे तर साफ चूक. एसटीचा डेपो, जिल्हा परिषद, मोंढा, बँका, दवाखाने, जिनिंग ही काम करायची ठिकाणं नाहीत तर काय आहेत? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंपनीची पाटी बघत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बाया, एक सदस्य बाहेरचा. आणि गंगाखेडच्या साडीच्या दुकानात किंवा सेलूच्या छोट्या दवाखान्यात जी मुलगी चारच माणसांत काम करते, तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारी असायला हवा आणि सात दिवसांत त्यानं ती समितीकडे पोचवायला हवी. ८ मार्चला संगीत खुर्ची खेळलेल्या किती जणींना त्या अधिकाऱ्याचं नाव सांगता येईल? मी विचारून पाहिलंय. गप्प बसतात बिचाऱ्या, जणू चूक त्यांचीच.

मानवतच्या जिनिंगात कापसातली कवडी वेचणाऱ्या बाईला ८ मार्चला सुट्टी नसते, हजेरी बुडवून ती कार्यक्रमालाही येणार नाही. तिथं आपणच जावं. जेवणाच्या सुट्टीत, ती भाकरीचं फडकं सोडून बसलेली असताना, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि नंबर तिच्या बोलीत सांगावा. आणि निघायच्या आधी पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहून यावं, पुढच्या ८ मार्चपर्यंत पुसलं जाणार नाही असं.