कुलस्वामिनीच्या दर्शनास केव्हा जावे?

घरात मंगलकार्य पार पडले की कुलस्वामिनीच्या दर्शनाची गोष्ट निघते. नवदांपत्यास न्यावयाचे असते, आजींचा नवस फेडावयाचा राहिलेला असतो, आणि मुलांस सुट्टी केव्हा एवढेच पाहून दिवस ठरतो. बहुधा तो मे महिन्यात ठरतो. तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी आहे अशी घराणी महाराष्ट्रभर पसरलेली असल्यामुळे, तुळजापूर व एकंदर धाराशिव जिल्हा यांची यात्रा कोणत्या ऋतूत करावी, याचा थोडा विचार वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या पूर्वजांनी प्रवासाचा ऋतू निश्चित केला होता. चातुर्मासात यतींनी एके ठिकाणी राहावे असा दंडक असे. आणि कालिदासाचा रघुराजा दिग्विजयास निघतो तो शरदात, नद्यांस उतार पडल्यावर व वाटांचा चिखल वाळल्यावर. दसऱ्याचे सीमोल्लंघन याच व्यवहारज्ञानातून आलेले दिसते. आता मोटारी झाल्या, आगगाडी थेट धाराशिवास येऊ लागली, म्हणून ऋतूने आपला अधिकार सोडला आहे असे मात्र नव्हे.

हा जिल्हा बालाघाटाच्या डोंगरपठारावर, पर्जन्यछायेत वसलेला आहे. वर्षाचा पाऊस सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच पडतो. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो, आड-विहिरी तळ गाठतात, आणि अवर्षणाच्या वर्षी गावोगाव टँकरची वाट पाहावी लागते. यजमान स्वतः पाणी मोजून वापरीत असता आपण दहा-पंधरा माणसांचा परिवार घेऊन त्याच्या दारी जावे काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा. शिवाय तुळजाभवानीचे मंदिर रस्त्याच्या पातळीहून खाली आहे. पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागतात व परतताना तितक्याच चढाव्या लागतात. भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी वृद्धांस नेणे ही भक्ती म्हणता येईल; शहाणपण म्हणता येणार नाही.

आषाढापासून भाद्रपदापर्यंतचा काळ नळदुर्गासाठी राखावा. बोरी नदीवर किल्ल्यातच बांधलेला तेथील बंधारा दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास पूर्ण झाला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदीस पूर आला म्हणजे नर व मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, आणि आत उभे राहणारा मनुष्य कोरडाच राहतो. १८५३ नंतर काही वर्षे या भागाचा कारभार पाहणारा मेडोज टेलर येथेच राहत असे. पाऊस चांगला झाला असेल तरच हे दृश्य लाभते. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. येडशीजवळील रामलिंगाचे देवस्थान व त्याभोवतालचे रान हेही श्रावणातच डोळे निववते.

तुळजापुरास जाताना पंचांग पाहणे अगत्याचे आहे. देवीची मूर्ती चल असून वर्षातून तीन वेळा तिला पलंगावर निद्रेस ठेवतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. या दिवसांत मूर्ती सिंहासनावर नसते. हे ठाऊक नसल्याने लांबून आलेली मंडळी हळहळतात. आश्विन पौर्णिमेस तर सोलापूर व कर्नाटक या बाजूंनी पायी येणाऱ्या भक्तांचे लोंढे लोटतात. तो सोहळा धडधाकट तरुणांनी अवश्य पाहावा. लेकुरवाळ्या स्त्रियांनी व वृद्धांनी त्या गर्दीत शिरू नये. अधिक मासाच्या वर्षी हे सर्व दिवस पुढे सरकतात, हेही ध्यानात असावे.

सहकुटुंब जाण्यास सर्वांत उत्तम काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. हवा थंड व कोरडी असते, वाटा स्वच्छ असतात, आणि पौषाच्या सुमारास शेतात ज्वारीचा हुरडा तयार होतो. तेव्हा दोन दिवस अधिक काढून तेर पाहावे. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर म्हणून उल्लेखिलेले तगर ते हेच. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर, गोरोबाकाकांचे स्थान व वस्तुसंग्रहालय मुलांना पुस्तकी इतिहासाहून अधिक शिकवील. धाराशिवजवळची लेणी व परांड्याचा किल्लाही याच दिवसांत पाहावा. विजापुरास दिसणारी मुलूखमैदान तोफ १६३२ साली परांड्याहूनच तिकडे नेली गेली.

ऑस्ट्रेलियातील सिडनी-मेलबर्न येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांस हा काळ विशेष सोयीचा आहे. तिकडे ऋतू उलटे. शाळांची मोठी सुट्टी डिसेंबराच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत असते. ते लोक उन्हाळा टाकून इकडे येतात व नेमके आपल्या हेमंतात उतरतात. त्यांनी मोहनिद्रेचे दिवस तेवढे टाळावेत, म्हणजे झाले.

चैत्रात मात्र पर्याय नसतो. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेची व गोरोबाकाकांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीची. तेथे जाणाऱ्यांनी पहाटे निघून उन्हापूर्वी विसाव्यास लागावे आणि पिण्याचे पाणी घरूनच बरोबर न्यावे.

आता मुलांच्या शाळेचे काय, असे गृहिणी विचारतील. ज्याने सारे आयुष्य शाळेत हजेरी घेण्यात घालविले, त्याचेच हे सांगणे आहे की, माघात दोन दिवस शाळा बुडाल्याने कोणी नापास होत नाही. आणि आजीचा हात धरून पायऱ्या उतरण्याचा प्रसंग पुढील सुट्टीत येईलच असा भरवसा कोणी द्यावा? घरातील कर्त्या पुरुषांनी मुहूर्त पाहावा, त्याबरोबरच वृद्धांचे गुडघे व त्या गावच्या आडातील पाणी हीही पाहावीत, आणि मगच गाडी सांगावी.