धार गालाला विचारा

इंदूरमध्ये होळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत, आणि त्या घरांत छंदांना तोटा नाही. अलीकडे तिथल्या स्नेह्यांमध्ये वस्तऱ्याचा छंद शिरला आहे. जुना वस्तरा मिळवायचा, तो तासन् तास दगडावर घासायचा आणि मग डोक्यावरचा एक केस उपटून, दोन बोटांत लोंबता धरून, धारेवर टेकवायचा. केस तुटून पडला की मंडळी माना डोलावतात. "धार म्हणजे ही!"

मला हे साफ अमान्य आहे. वस्तरा लोंबत्या केसासाठी नसतो, गालासाठी असतो. केस तुटणे ही धारेची पहिली परीक्षा आहे, शेवटची नव्हे.

मुळात धार म्हणजे काय? पोलादाच्या दोन बाजू जिथे मिळतात ती रेषा. चांगल्या वस्तऱ्याची ही रेषा एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड. दोन बाजूंमधला कोन १६-१७ अंशांच्या आसपास असतो आणि तो अंदाजाने धरावा लागत नाही. वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकवली की पाठीची जाडीच कोन ठरवते. एवढी सोय असूनही माणसे धार बिघडवतात कशी? हावेने! गरजेपेक्षा जास्त घासले की धारेच्या टोकाला पोलादाचा पातळ पापुद्रा उरतो. तो लोंबता केस झटकन कापतो आणि टाळ्या मिळवतो. गालावर चार हात फिरले की मात्र तो वाकतो, तुटतो आणि मागे उरते ती करवत. मग गालाची आग होते, आणि दोष जातो साबणाला.

२०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक गंमतीची गोष्ट मांडली. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी केस त्याच्या धारेचे टवके उडवतो. केस कापला जाताना वाकतो, धारेवर तिरपा ताण येतो आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते, तिथे टवका निघतो. म्हणजे धार नुसती बारीक असून भागत नाही. ती मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी हवी, टिकणारी हवी, आणि केस कापून कातडीला सोडून देणारी हवी. दाढीपुरती धारेची व्याख्या एवढीच.

या व्याख्येत दगडाइतकाच मान चामड्याच्या पट्ट्याला आहे. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे. पट्टा वाकलेली धार सरळ करतो आणि घासायचे कधी थांबवायचे, हे ओल्या अंगठ्याला कळते. मानाचा तिसरा वाटेकरी पाणी. कोमट पाण्याने भिजलेला केस मऊ होतो, कमी जोरात कापला जातो. 'बिनपाण्याने हजामत' हा वाक्प्रचार उगाच नाही पडला!

आता खरा प्रश्न. हे ज्ञान कोणाचे? बारा बलुतेदारांतल्या न्हाव्याचे. आमच्या गोव्यात म्हालो धोकटी घेऊन दारी यायचा, त्याचे. आपण त्याला काय दिले? 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण. तुंबड्या लावणारा तो गावचा शस्त्रवैद्यही होता, हे त्याच म्हणीत लिहिलेले आहे, पण आपण फक्त हसलो. कठोपनिषदाने खडतर वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली. त्या उपमेवर प्रवचने झडली, पण ती धार लावणारा ओसरीच्या खालीच बसला. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि ते योग्यच. त्याच शहरातल्या सलूनवाल्याच्या भिंतीवरचा चामड्याचा पट्टा मात्र कोणाच्या गणतीत नाही.

कोणी म्हणेल, आता सलूनात अर्धे पाते लावतात आणि टाकून देतात, मग या कौशल्याचे काय काम? रक्तातून पसरणारे रोग लक्षात घेता ते पाते प्रत्येक गिऱ्हाईकाला नवे हवेच, त्यात तडजोड नको. पण पाते बदलले म्हणून हात बदलत नाही. कोन, दाब, कातडीचा ताण हे अजून त्याच्याच बोटांत आहे. आणि घरी स्वतःसाठी वस्तरा वापरणाऱ्याला तर त्यातले सगळेच शिकावे लागते.

तेव्हा छंदिष्टांनो, केस तोडण्याचे खेळ पुरे करा. शेजारच्या सलूनातल्या एखाद्या वयस्क कारागिराकडे जा, त्याला 'अहो' म्हणा, आणि कुठे थांबायचे ते विचारा. धार चांगली होती की नाही, हे दाढीनंतर तासाभराने गालच सांगेल.