चूक पोरांची की आपल्या सूचनेची?



26 जानेवारीच्या कार्यक्रमासाठी बोरीत आम्ही टिपरी नृत्य बसवत होतो. दोन गोल केले. आतली मुलं बाहेर तोंड करून, बाहेरची आत तोंड करून, समोरासमोर जोड्या. आठ मात्रा टिपऱ्या वाजवायच्या की लगेच जोडी बदलायची, शेजारचा गडी समोर घ्यायचा. मी ओरडलो, "जोडी बदला! सगळे उजवीकडे!"

झालं, एकच गोंधळ. पाचवीतला एक पोरगा एकटाच मधे उभा राहिला. मी त्याच्यावर खेकसलो, "अरे, उजवं-डावं कळत नाही का?"

घरी येऊन कागदावर दोन गोल काढले, तेव्हा लक्षात आलं. समोरासमोर उभ्या असलेल्यांची उजवी बाजू एक नसते. दोघंही आपापल्या उजवीकडे एकेक जागा सरकले, तर समोर शेजारचा नाही, त्याच्याही पलीकडचा गडी येतो. काही पोरांनी माझी सूचना पाळली, काहींनी सांगितलेला गडी शोधला. तो पोरगा बरोबर सरकला होता. चूक माझी होती, ओरडा त्यानं खाल्ला.

माझं स्पष्ट मत आहे: वर्गातली निम्मी मुलं एकाच ठिकाणी चुकत असतील, तर आधी सूचना तपासावी, मग मुलं.

दुसऱ्या दिवशी मी चार गोष्टी बदलल्या.

पहिली, कोण हलणार ते आधी सांगितलं. "आतले जागेवर. बाहेरचे, उजव्या हाताच्या जागेवर." एका वेळी एकच गोल हलतो, म्हणून शेजारचाच गडी समोर येतो.

दुसरी, गोल फिरताना "घड्याळाच्या काट्यासारखं" म्हणणं सोडलं. मोबाईलवर आकडे बघणाऱ्या पोरांना काटा कुठून कळणार? मधे झेंड्याची काठी रोवली आणि म्हटलं, "उजवा खांदा काठीकडं ठेवून चाला." कुणीच चुकलं नाही.

तिसरी, वेळ. कवायतीत आपण "दाहिने" म्हणून क्षणभर थांबतो, मग "मूड" म्हणतो. पहिला शब्द तयारीचा, दुसरा कृतीचा. नाचातही तसंच करावं. पाचव्या मात्रेला "बाहेरचे", सातव्याला "बदल", म्हणजे पुढच्या एकला पाऊल पडतं. मी आधी आठ मात्रा संपल्यावर ओरडत होतो. मग पोरं मागं पडणारच.

चौथी, शब्द एकच. कधी "सरका", कधी "पुढं व्हा", कधी "फिरा" असं म्हटलं की "पुढं" म्हणजे समोर की बाजूला, हे लेकरानं कसं ओळखावं? आता जोडी बदलायला फक्त "बदल". आणि आधी एकदा टिपऱ्या न वाजवता नुसतं चालून बघायचं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा नाचासाठी इतका खटाटोप कशाला? सरळ ठरलेल्या जोड्या ठेवाव्यात. मला ते पटत नाही. जोड्या आपापल्या निवडायला सांगितल्या की एक-दोन लेकरं दर वर्षी उरतातच. कुणी नवीन आलेलं, कुणी कमी बोलणारं. जोडी बदलत गेली की 20 जोड्यांमध्ये बाहेरचं प्रत्येक पोर आतल्या 20 जणांसमोर उभं राहतं, टिपरीला टिपरी लावतं आणि पुन्हा पहिल्या गड्याकडं येतं. 'तू माझ्याकडं नको' म्हणायला जागाच उरत नाही. पण सूचना गोंधळाची असली, तर एकटं पडणारं पोर बहुतेक वेळा तेच असतं, आणि सगळे त्यालाच हसतात.

पालकांनाही एक सांगतो. "ते तिकडचं इकडं ठेव" असं म्हणून लेकरू गोंधळलं, की आपण "लक्ष कुठंय तुझं?" म्हणतो. काय, कुठून, कुठं एवढं नीट सांगून बघा. परीक्षेच्या पेपरातही असंच. गणित येत असतं, प्रश्न कळलेला नसतो.

त्या पोराला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काल तू बरोबर होतास, मी चुकलो." तो काही बोलला नाही, नुसता हसला. त्या दिवशी "बदल" अशी हाळी द्यायचं काम मी त्यालाच दिलं. माझ्यापेक्षा त्याची वेळ पक्की निघाली.